हे विमान नेमके कोणते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

लष्करी विमानांच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. बहुतेक पत्रलेखकांनी रंग कोणता द्यावा, असे विचारले आहे. त्यांना मी आधी एक उलट प्रश्न विचारतो: आपण कोणत्या क्रमांकाचे विमान करत आहात आणि ते कोणत्या दिवशीचे दाखवणार आहात? हे दोन्ही ठरले की रंग, चिन्हे आणि शस्त्रे यांचे निम्मे प्रश्न आपोआप मार्गी लागतात.

प्रश्न : माझे काका हवाई दलात तंत्रज्ञ होते आणि १९६५ च्या युद्धात नॅट विमानांवर काम करत होते. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमात त्यांना नॅटची प्रतिकृती भेट द्यावी, अशी इच्छा आहे. १:४८ प्रमाणातील किट मिळाले आहे, पण त्यात ब्रिटनच्या रेड अ‍ॅरोज पथकाची लाल रंगसंगती आहे. ते चंदेरी रंगवून त्यावर भारतीय चिन्हे लावली तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दुर्दैवाने चालणार नाही, आणि अडचण रंगाची नसून विमानाच्या आकाराची आहे. रेड अ‍ॅरोज पथक जे नॅट उडवत असे ते टी-१ नावाचे, दोन आसनांचे प्रशिक्षण विमान होते. १९६५ मध्ये आपल्या स्क्वॉड्रनांनी लढवलेले नॅट एका आसनाचे लढाऊ विमान होते. लढाऊ नॅटची लांबी सुमारे ८.७४ मीटर आणि पंखांचा विस्तार सुमारे ६.७३ मीटर होता, तर प्रशिक्षण विमानाची हीच मापे सुमारे ९.६८ आणि ७.३२ मीटर होती. १:४८ प्रमाणात लांबीत दोन सेंटिमीटरचा आणि पंखांत सव्वा सेंटिमीटरचा फरक पडतो. ज्या माणसाने हे विमान रोज हाताळले, त्याच्या नजरेला हा फरक पहिल्याच क्षणी जाणवेल.

फरक लांबी-रुंदीपुरता नाही. प्रशिक्षण विमानाचा पंख मोठा आहे, शेपटीचे भाग मोठे आहेत आणि मागच्या पंखकडांची मांडणी वेगळी आहे. लढाऊ नॅटच्या दोन ३० मिलिमीटर एडन तोफा हवा आत घेणाऱ्या दोन्ही तोंडांच्या बाहेरच्या भिंतींत, प्रत्येक बाजूला एक अशा बसवलेल्या होत्या. प्रशिक्षण विमानात त्या नव्हत्याच. हे सगळे कापून, जोडून, पुट्टी भरून करणे अनुभवी हातांनाही जड जाते. म्हणून माझा आग्रह असा की आपण एकआसनी नॅटचे किट शोधावे, मग ते १:७२ प्रमाणात मिळाले आणि पंख जेमतेम सव्वानऊ सेंटिमीटरचे झाले तरी हरकत नाही. हे विमान मुळातच चिमुकले होते आणि त्याची ख्यातीही त्या चिमुकलेपणामुळेच झाली.

आता रंगाकडे वळू. ३ सप्टेंबर १९६५ रोजी २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधील स्क्वॉड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना पाकिस्तानचे सेबर लढाऊ विमान पाडल्याचे श्रेय मिळाले, आणि त्याच दिवशी त्याच स्क्वॉड्रनचे आयई १०८३ क्रमांकाचे नॅट पाकिस्तानातील पसरूर येथे उतरले. ते आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. त्या काळातील नॅट चंदेरी दिसत असत. पण चंदेरी म्हणजे उघडा धातू की अ‍ॅल्युमिनियमचा रंग, हे आधी ठरवावे लागते. उघड्या धातूवर प्रत्येक पत्र्याची छटा थोडी वेगळी दिसते, तर रंग दिलेला पृष्ठभाग एकसारखा आणि किंचित मंद असतो. या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा माणूस आपल्याच घरात आहे, ही आपली फार मोठी जमेची बाजू आहे.

मात्र काकांना विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. साठ वर्षांपूर्वीची छटा कोणालाही नेमकी आठवत नाही. 'रंग कोणता होता' असे विचारले तर नंतर पाहिलेल्या अनेक विमानांचे रंग त्या उत्तरात मिसळतात. त्याऐवजी हातांनी केलेल्या कामांविषयी विचारा. सकाळी विमान उघडताना आधी कोणते झाकण निघे? कॉकपिटकडे चढताना पाय कुठे ठेवत? कुठे पाय ठेवण्याची मनाई होती? विमान पुसताना हाताला रंग लागे की धातूची काळपट भुकटी? कोणता पत्रा वारंवार बदलावा लागे? हातांची स्मृती डोळ्यांच्या स्मृतीपेक्षा टिकाऊ असते, असा माझा अनुभव आहे. विमान उड्डाणासाठी योग्य आहे अशी सही तंत्रज्ञ 'फॉर्म ७००' वर करत असत. त्या सहीसोबतचा एखादा क्रमांक काकांच्या मनात अजून असेल, तर प्रतिकृतीवर तोच घालावा. प्रसिद्ध वैमानिकाच्या विमानापेक्षा ते विमान त्यांना अधिक आपले वाटेल.

येथेच आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. 'अमुक वैमानिकाचे विमान' ही कल्पना बऱ्याचदा फसवी ठरते. स्क्वॉड्रनमध्ये त्या दिवशी जे विमान सज्ज असेल तेच वैमानिकाला मिळत असे. त्यामुळे कोणत्या दिवशी कोणी कोणते विमान उडवले हे ठरवण्यासाठी वैमानिकाची उड्डाणनोंदवही हा सर्वांत भक्कम पुरावा असतो, कारण तिच्यात प्रत्येक उड्डाणासमोर तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक लिहिलेला असतो.

प्रश्न : एका जुन्या कृष्णधवल छायाचित्रात आपल्या हवाई दलाच्या वर्तुळचिन्हाचे बाहेरचे केशरी कडे जवळजवळ काळे दिसते, तर दुसऱ्या छायाचित्रात ते फिकट दिसते. केशरी रंग बदलला होता का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : केवळ या दोन छायाचित्रांवरून तसा निष्कर्ष काढता येणार नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश जाणवत नसे, त्यामुळे तांबडे आणि केशरी भाग तिच्यात गडद उमटत आणि निळे भाग फिकट दिसत. पॅनक्रोमॅटिक फिल्मला सर्व रंग जाणवत, पण भिंगापुढे पिवळे किंवा तांबडे फिल्टर लावले की छटांचा क्रम पुन्हा बदलत असे. म्हणून कृष्णधवल छायाचित्रातील राखाडी छटेची तुलना त्याच चित्रातील ओळखीच्या वस्तूशी करावी, दुसऱ्या चित्राशी करू नये. छायाचित्र उलटे छापले गेले नाही ना, हेही तपासावे. विमानाचा क्रमांक दिसत नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या वैमानिकाच्या छातीकडे पाहावे. पंखांचे मानचिन्ह डाव्या बाजूला असते. ते उजवीकडे दिसले, तर आपण विमानाची चुकीची बाजू रंगवण्याच्या बेतात आहात, असे समजावे.

प्रश्न : माझे वडील ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्यासाठी मी १९७१ च्या युद्धातील मिग-२१ करत आहे. माझ्याकडे मिग-२१ एमएफचे किट आहे आणि सोबत भारतीय डेकल (चिकटवायची छापील चिन्हे) वेगळे घेतले आहेत. हिरवा रंग कोणता घ्यावा? आणि किटमधील सर्व शस्त्रे लावावीत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हिरव्या रंगाआधी विमानाचा प्रकार पाहू. १९७१ मध्ये आपल्या स्क्वॉड्रनांनी मुख्यतः एफएल प्रकारचे मिग वापरले. नाशिकजवळच्या ओझर येथे १९६६ पासून हाच प्रकार बनत होता. एमएफशी जवळचे नाते असलेला 'एम' प्रकार तेथे १९७३ पासून तयार होऊ लागला. म्हणजे आपल्या किटमधील विमान त्या युद्धाच्या तारखेत बसत नाही, आणि आपल्या वडिलांना हे आपल्याआधी कळेल.

फरक ओळखणे अवघड नाही. एफएलची कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, पुढच्या काचेसह अखंड असून पुढच्या बाजूला उघडते. एमएफची पुढची काच स्थिर असते आणि मागचे झाकण बाजूला उघडते. एफएलच्या पंखांखाली शस्त्रे अडकवण्याच्या दोनच जागा आहेत, एमएफच्या पंखांखाली चार. एमएफची पाठ अधिक जाड आहे आणि त्याच्या पोटात २३ मिलिमीटरची तोफ बसवलेली आहे. एफएलमध्ये आतली तोफ नव्हतीच. ही उणीव भरून काढण्यासाठी आपल्या स्क्वॉड्रनांनी जीपी-९ नावाची तोफपेटी विमानाच्या पोटाखाली मधोमध बसवली. पोटाखाली तोफपेटी आली की त्याच जागेवरची जादा इंधनाची टाकी लावता येत नाही, हे प्रतिकृती करताना विसरले जाते. मी पाहिलेल्या किती तरी सुंदर प्रतिकृतींमध्ये दोन्ही एकत्र होती.

म्हणूनच सर्व शस्त्रे लावण्याचा विचार सोडून द्यावा. शस्त्रे तारखेप्रमाणे ठरतात. १२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरहून उडणाऱ्या ४७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनच्या मिगने कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर विमान पाडले, ते तोफेने. ते विमान करायचे असेल तर तोफपेटी हवीच. १४ डिसेंबरला २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनच्या मिग विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला तो ५७ मिलिमीटरच्या रॉकेटांनी, त्यामुळे तेथे प्रत्येकी सोळा रॉकेटांच्या नळकांड्या दोन्ही पंखांखाली येतील. दोन दिवसांच्या अंतराने उडालेली एकाच प्रकारची ही विमाने अशी वेगळी दिसत होती. आपण त्यांपैकी एक निवडावे आणि त्या दिवसाशी प्रामाणिक राहावे.

आता हिरवा रंग. एखाद्या बाटलीवरचा क्रमांक सांगून मी आपले समाधान करू शकलो असतो, परंतु ते सत्याला धरून झाले नसते. ही विमाने मुळात धातूच्या चंदेरी रूपात आली होती आणि युद्धाच्या सुमारास त्यांवर हिरव्या आणि तपकिरी रंगांचे थर स्क्वॉड्रनच्या पातळीवर चढवले गेले. साहजिकच एका स्क्वॉड्रनची छटा आणि नक्षी दुसरीशी जुळत नाही, आणि कधी एकाच स्क्वॉड्रनमधील दोन विमानेही जुळत नाहीत. अशा वेळी त्या एका विमानाचे, शक्यतो दोन्ही बाजूंचे, छायाचित्र मिळवणे हाच मार्ग आहे. एकच बाजू दिसत असेल तर दुसऱ्या बाजूला पहिलीची आरशातली प्रतिमा काढू नये. त्याच हाताने, त्याच पद्धतीने, पण वेगळी नक्षी काढावी, कारण घाईत काम करणाऱ्या माणसाने दुसरी बाजू मोजून जुळवली असण्याची शक्यता फार कमी आहे.

काम ज्या क्रमाने मूळ विमानावर झाले त्याच क्रमाने प्रतिकृतीवर करावे. आधी संपूर्ण चंदेरी थर देऊन तो नीट वाळू द्यावा. मग पंखांच्या पुढच्या कडांवर आणि नेहमी उघडणाऱ्या झाकणांभोवती पाण्याने ओलसर करून जाड मिठाचे थोडे दाणे चिकटवावेत, त्यावर पातळ हिरवा रंग द्यावा आणि वाळल्यावर मीठ झाडून टाकावे. खालची चंदेरी अगदी खरी वाटेल अशी डोकावते. पण हात आवरावा. डिसेंबर १९७१ मध्ये तो रंग जुना झालेला नव्हता, त्यामुळे उन्हाने विटल्याची छटा तेथे शोभत नाही. पुढच्या कडांवर रंगाचे टवके उडणे मात्र पटण्यासारखे आहे.

वडिलांना दाखवण्यापूर्वी एफएलच्या शेपटीखालचा भाग नीट जुळवून घ्या. आपल्या एफएलचा ब्रेक पॅराशूट शेपटीच्या उभ्या पंखाच्या तळाशी गोलसर डब्यात असे. विमान बांधणाऱ्या माणसाचे लक्ष आधी तेथे जाते.

प्रश्न : दाबोळीच्या नौदल हवाई संग्रहालयात जाऊन सी हॉक विमानाची साठ-सत्तर छायाचित्रे काढली. मोबाइलवरील छायाचित्रांवरून रंग जुळवून घेतला आहे. हा पुरावा पुरेसा मानावा का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आकारासाठी आपण सोने घेऊन आला आहात. रंगासाठी मात्र ती छायाचित्रे बाजूला ठेवा. उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या हवेत ठेवलेले विमान गंजू नये म्हणून पुन्हा पुन्हा रंगवावे लागते. रंगवणाऱ्याचा हेतू विमान वाचवण्याचा असतो, आणि तो योग्यच आहे. त्यावेळी उपलब्ध असेल तो रंग वापरला जातो, बारीक सूचनांची अक्षरे झाकली जातात आणि क्रमांकही नव्या वळणाने लिहिले जातात. त्यात मोबाइलचा कॅमेरा प्रकाशानुसार रंग स्वतःच दुरुस्त करतो, त्यामुळे सकाळी काढलेले आणि दुपारी काढलेले चित्र दोन वेगळ्या राखाडी छटा दाखवते.

ब्रिटिश बनावटीच्या विमानांसाठी त्यापेक्षा चांगला आधार उपलब्ध आहे. ब्रिटिश मानक ३८१-सी या रंगसूचीत प्रत्येक रंगाला क्रमांक आहे. आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांवरील गडद हिरवा म्हणजे त्यातील ६४१ आणि गडद सागरी राखाडी म्हणजे ६३८. प्रतिकृतीच्या रंगांत हम्ब्रोल कंपनीचे १६३ आणि १६४ त्यांच्याशी जुळतात. आपल्या सी हॉकसाठीही आधी त्या काळातील रंगीत छायाचित्र मिळवावे आणि मग सूचीतील पट्टी त्याच्याशी ताडून पाहावी.

आपल्या छायाचित्रांचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. सी हॉकच्या इंजिनाचा झोत दोन भागांत विभागून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो, आणि बऱ्याच किटमध्ये ही जागा बोथट उतरलेली असते. नाकाखालच्या चार तोफांची तोंडे, पंख दुमडण्याच्या बिजागऱ्या, जहाजावर उतरताना दोर पकडणारा शेपटीखालचा आकडा (हुक), चाकांच्या खोबणींतील नळ्या हे सगळे आपल्या चित्रांत असेल. पुन्हा जाल तेव्हा परवानगी घेऊन फूटपट्टी शेजारी धरून चित्रे काढावीत, म्हणजे मापे थेट काढता येतील. मात्र काय नाही, याचीही नोंद ठेवावी. संग्रहालयातील विमानातून उपकरणे काढलेली असतात आणि टायर दबलेले असतात. १९७१ च्या डिसेंबरमध्ये विक्रांतवरून कॉक्स बाजार आणि चितगावकडे निघालेल्या ३०० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे विमान पूर्ण सज्ज होते, आणि आपली प्रतिकृती त्या विमानाची आहे.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेले हरिकेन विमान करताना मी वर्तुळचिन्हात गडद आणि फिकट असे दोनच निळे रंग ठेवले. प्रदर्शनात एका परीक्षकाने मधला तांबडा ठिपका राहून गेला असे सांगून गुण कापले. माझी चूक झाली का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपली चूक नाही, आणि आपण केलेला अभ्यास वाया गेलेला नाही. जपानी विमानांवर तांबडा गोल होता. लढाईच्या घाईत मधल्या तांबड्या ठिपक्यामुळे आपलेच विमान शत्रूचे वाटण्याचा धोका होता, म्हणून आग्नेय आशियाच्या आघाडीवर तो ठिपका काढून टाकण्यात आला. सुरुवातीला तांबड्याच्या जागी पांढरा आला, पण तो दुरून चटकन नजरेत भरत असल्याने पुढे फिकट निळा वापरला गेला. १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळला लढलेल्या १ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे हरिकेन आपण केले असेल, तर दोन निळेच योग्य आहेत. १९४५ च्या सुरुवातीपासून पंखांवर आणि शेपटीवर ओळखीचे पांढरे पट्टेही आले. १९४४ च्या विमानावर मात्र ते लावू नयेत.

याच कालक्रमात आणखी एक चूक वारंवार होते आणि ती मीही एकेकाळी केली आहे. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील टेम्पेस्ट विमानावर मी केशरी, पांढरा आणि हिरवा असा तिरंगी गोल लावला होता. तेव्हा दलाच्या नावातील 'रॉयल' हा शब्द अजून गेलेला नव्हता. स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्राचे चिन्ह होते, आणि तिरंगी वर्तुळ १९५० मध्ये प्रजासत्ताकाबरोबर आले. त्या प्रतिकृतीवरचे डेकल मी नंतर काढून नवीन लावले. परीक्षकांना आपण हा कालक्रम छायाचित्रासह नम्रपणे दाखवावा. पुढच्या वेळी प्रतिकृतीशेजारी क्रमांक, तारीख आणि पुराव्याची एक ओळ लिहिलेली छोटी चिठ्ठी ठेवावी, म्हणजे परीक्षकांनाही न्याय देणे सोपे जाईल.

प्रश्न : १:७२ प्रमाणात पत्र्यांच्या जोडरेषा काळ्या रंगाने ठळक कराव्यात का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : गणित करून पाहा. किटवर कोरलेली रेषा एक दशांश मिलिमीटर रुंद असेल तर ती मूळ विमानावर सात मिलिमीटरहून रुंद फट होते. अशी फट सलग सर्व पत्र्यांत असलेले लढाऊ विमान कोणी उडवणार नाही. म्हणून काळा रंग टाळावा. मूळ रंगापेक्षा एकच छटा गडद असा पातळ रंग रेषेत सोडावा आणि जास्तीचा पुसून घ्यावा. जी झाकणे रोज उघडत, म्हणजे इंजिनाची, तोफांची आणि इंधन भरण्याची, त्यांच्याभोवती थोडा अधिक गडदपणा ठेवला तर तो खरा वाटतो, कारण तेथे तेल आणि हातांचा मळ साचत असे. बाकीच्या रेषा पुसट राहू द्याव्यात.